तुम्ही विचारलंत म्हणून: क्ष-किरणांच्या माऱ्याने अणू फुटतो का?

मी भुसावळला राहते, जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात अतितीव्र क्ष-किरणांच्या झोतात सापडलेल्या अणूंची गणिते करते. एवढे सांगून झाले की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि मग हमखास एकच प्रश्न विचारतो. रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी तो विचारला आहे आणि पहिल्या वर्षाच्या मुलामुलींनी तर दरवर्षी विचारला आहे. चोपडा तालुक्यात केळीची बाग असलेल्या माझ्या मामांनी तो त्यांच्या शब्दांत विचारला होता: "इतला जोरना उजेड पडना तर अणू फुटस का नही, माय?" त्या दिवशी बागेत घड उतरवण्याची घाई होती, म्हणून मी "नाही मामा, फुटत नाही" एवढेच उत्तर दिले. ते खरे होते, पण अपुरे होते.

'अणू' आणि 'फुटणे' हे दोन शब्द आपल्या मनात बॉम्बने एकत्र आणलेले आहेत, त्यामुळे प्रश्नाचा पहिला अर्थ तोच होतो आणि तो लगेच निकालात काढता येतो. अणुबॉम्बमध्ये अणुकेंद्र फुटते. मी ज्या क्ष-किरणांविषयी बोलते आहे, त्यांच्या एका फोटॉनची, म्हणजे किरणांच्या एका सुट्या पुडीची, ऊर्जा साधारण एक ते दोन हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट (हे अणूंच्या जगातले ऊर्जेचे एकक) असते, आणि निऑनच्या केंद्रातून एक प्रोटॉन उपटायचा झाला तर एक कोटीहून अधिक इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. केंद्राला या माऱ्याची दखलही घ्यावी लागत नाही. जे काही घडते ते त्याच्या भोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत घडते, आणि ते फुटण्यापेक्षा रिकामे होण्याच्या जवळचे आहे. रिकामे कुठून व्हायला सुरुवात होते आणि त्याला किती वेळ मिळतो, यातच सगळी गंमत आहे.

आधी 'इतका जोराचा' म्हणजे किती, ते पाहू. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्लॅक या प्रयोगशाळेत १० एप्रिल २००९ रोजी एका नव्या प्रकारच्या लेसरमधून दीड अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे, म्हणजे जवळजवळ अणूच्याच आकाराएवढ्या तरंगांचे, क्ष-किरण पहिल्यांदा बाहेर पडले. या लेसरमध्ये आरसे समोरासमोर ठेवलेले नसतात. तेथे प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोचलेले इलेक्ट्रॉन शंभर मीटरहून लांब अशा चुंबकांच्या रांगेतून नागमोडी धावतात. सुरुवातीला प्रत्येक जण आपापल्या ठेक्यात किरण सोडतो. पुढे त्याच किरणांच्या प्रभावाने ते पातळ थरांत गोळा होतात आणि लेझीमच्या पथकासारखे एका तालात येतात. त्या तालातून निघणारा स्पंद, म्हणजे किरणांचा क्षणिक झोत, काही फेम्टोसेकंदांपासून शंभरेक फेम्टोसेकंदांपर्यंतचा असतो. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद असतात, तितके सेकंद मोजायला बसलात तर सुमारे ३ कोटी १७ लाख वर्षे लागतील. एका फेम्टोसेकंदात प्रकाशसुद्धा साबणाच्या फुग्याच्या पापुद्र्याच्या जाडीएवढेच अंतर कापतो.

अशा एका स्पंदात एकूण ऊर्जा किती असते, हे सांगितले की वर्गात हमखास हशा पिकतो, कारण ती एक-दोन मिलिज्यूल असते. शंभर ग्रॅमचे एक केळे एक मिलिमीटर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच ही. पण एक मिलिज्यूल शंभर फेम्टोसेकंदांत खर्च केला तर त्या अवधीपुरती शक्ती १० हजार मेगावॅट होते. दीपनगरच्या वीजकेंद्रातील ५०० मेगावॅटचे वीस संच एकाच वेळी चालावेत, तेवढी. ती सगळी साधारण एक मायक्रॉन रुंदीच्या ठिपक्यावर एकवटली की तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १ वर १८ शून्ये इतक्या वॅटच्या घरात जाते. संपूर्ण पृथ्वीवर पडणारा सूर्यप्रकाश गोळा करून अंगठ्याच्या नखावर ओतला, तरी तो याच्या सहाव्या हिश्श्याएवढाच भरेल. मे महिन्यातील भुसावळच्या उन्हाची मला सवय आहे, परंतु येथे ती उपमा कामाची नाही.

त्याच वर्षी, म्हणजे २००९ मध्ये, या यंत्रावरील अगदी सुरुवातीच्या प्रयोगांत अमेरिकेतील अरगॉन (Argonne) राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या लिंडा यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोतासमोर निऑन वायू ठेवला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. निऑनची निवड मला फार शहाणपणाची वाटते. त्याच्यात फक्त दहा इलेक्ट्रॉन असतात, दोन आतल्या 'के' कवचात आणि आठ बाहेरच्या कवचात. तो दुसऱ्या कुणाशी बंध करत नाही, त्यामुळे प्रयोगात शेजाऱ्यांची लुडबुड नसते. शिवाय त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनाला बाहेर काढण्यासाठी लागणारी ऊर्जा ८७० इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, आणि यंत्राचे फोटॉन हवे तर या उंबरठ्याच्या अलीकडे, हवे तर पलीकडे ठेवता येतात.

केळीचे खोड सोलायचे असेल तर आपण बाहेरचे सोपट आधी काढतो, मग त्याच्या आतले, आणि शेवटी गाभ्यापर्यंत पोचतो. दृश्य किंवा अवरक्त प्रकाशाचा तीव्र लेसर अणूला असेच सोलतो: सैल बांधलेला बाहेरचा इलेक्ट्रॉन आधी जातो. उंबरठ्याच्या अलीकडचे, ८०० इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरणही निऑनला बाहेरूनच सोलतात, कारण गाभ्याला हात घालण्याची ऐपत त्यांच्यात नसते. फोटॉनची ऊर्जा ८७० च्या पुढे गेली की मात्र चित्र उलटते. आता बाहेरचे आठ इलेक्ट्रॉन हाताशी असूनही क्ष-किरण बहुतेक वेळा आतल्या दोघांपैकी एकाला उचलतो. असे का, हे विद्यार्थी नेहमी विचारतात, आणि हा प्रश्न मला मूळ प्रश्नाहूनही आवडतो. फोटॉन पूर्ण गिळायचा तर ऊर्जा आणि संवेग या दोन्हींचा हिशेब जुळावा लागतो. मोकळ्या इलेक्ट्रॉनाला तो एकट्याने कधीच जुळवता येत नाही. उरलेला संवेग घ्यायला जड अणुकेंद्राचा आधार लागतो. जो केंद्राला सर्वांत घट्ट बांधलेला, त्याला हा आधार सर्वांत सहज मिळतो. म्हणून, ऊर्जा पुरत असेल तर, जो सर्वांत घट्ट बांधलेला तोच आधी जाण्याची शक्यता सर्वांत अधिक, असा हा उफराटा न्याय आहे.

गाभ्यात अशी पोकळी पडली की अणू स्वस्थ राहत नाही. बाहेरचा एक इलेक्ट्रॉन खाली उतरून ती जागा भरतो, आणि उतरताना सुटलेली ऊर्जा बाहेरच्याच दुसऱ्या एखाद्या इलेक्ट्रॉनाला मिळून तो अणूबाहेर फेकला जातो. लिझ माइट्नर यांनी १९२२ मध्ये आणि पिएर ओझे यांनी १९२३ मध्ये हा परिणाम स्वतंत्रपणे नोंदवला; नाव बराच काळ एकट्या ओझे यांचेच लागले, आणि अलीकडे कुठे माइट्नर यांचेही जोडले जाऊ लागले आहे. म्हणजे एक फोटॉन आला आणि दोन इलेक्ट्रॉन गेले. निऑनमध्ये ही जागा भरायला सरासरी २.४ फेम्टोसेकंद लागतात.

आता हिशेब करून पाहा. दोन हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचा पहिला फोटॉन आतला एक इलेक्ट्रॉन काढतो, पोकळी भरताना दुसरा जातो. दुसरा फोटॉन पुन्हा आतला काढतो, पुन्हा एक आपोआप जातो. असे चार फोटॉन झाले की आठ इलेक्ट्रॉन गेलेले असतात आणि आतले दोनच उरतात. त्यांच्या मदतीला उतरणारे आता कुणी नाही, म्हणून त्यांच्यासाठी एकेक स्वतंत्र फोटॉन लागतो. अगदी शेवटच्या इलेक्ट्रॉनाला सुमारे १,३६० इलेक्ट्रॉनव्होल्ट द्यावे लागतात, ते दोन हजारांत बसतात. सहा फोटॉनांत दहा इलेक्ट्रॉन बाहेर. हा एकच मार्ग असतो असे नाही, वाटा पुष्कळ आहेत, पण मुख्य रस्ता हाच. प्रयोगात दोन हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या झोताने खरोखरच दहाही इलेक्ट्रॉन गमावलेली, नुसते केंद्र उरलेली निऑनची आयने (इलेक्ट्रॉन गेल्याने प्रभारित झालेले अणू) मिळाली, आणि तेही एकाच स्पंदाच्या आत. दहा-अकराशे इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनांनी हाच मारा केला तर गाडी बहुतांशी आठावर अडते, कारण नवव्याला जवळजवळ बाराशे लागतात.

मामांना 'नाही' म्हणताना जे राहून गेले, ते यापुढचे आहे. वरच्या हिशेबात मी गृहीत धरले की पोकळी भरून झाल्यावरच पुढचा फोटॉन येतो. झोत अतितीव्र असेल तर तो तेवढी उसंत देत नाही. पहिली पोकळी भरायच्या आतच दुसरा फोटॉन येऊन आतल्या उरलेल्या इलेक्ट्रॉनालाही घेऊन जातो, आणि मग बाहेर आठ इलेक्ट्रॉन जागच्या जागी असलेला, पण आतून पूर्ण रिकामा असा 'पोकळ अणू' तयार होतो. आता या पोकळ अणूवर आणखी फोटॉन आले तर ते काय करतील? ज्यांना उचलायचे ते आतले इलेक्ट्रॉनच नाहीत, आणि बाहेरच्यांना उचलण्याची शक्यता फार कमी. त्यामुळे बहुतेक फोटॉन अणूमधून तसेच आरपार निघून जातात. क्ष-किरणांच्या अतिरेकानेच अणू क्ष-किरणांना पारदर्शक होतो.

बाजार समितीच्या एकुलत्या वजनकाट्यावर एक गाडी उभी असताना मागे रांग लागते, तसेच हे काहीसे आहे. फरक एवढाच की गाड्या थांबतात आणि फोटॉन थांबत नाहीत. काटा मोकळा होईपर्यंत आलेले सगळे पुढे निघून जातात. म्हणून तेवढेच फोटॉन लांब स्पंदातून सावकाश पाठवले तर अणू अधिक शोषतो आणि अधिक उघडा पडतो, आणि तेच काही थोड्या फेम्टोसेकंदांत एकदम पाठवले तर तो कमी शोषतो आणि कमी इलेक्ट्रॉन गमावतो. मारा अधिक जोराचा, इजा कमी. हे प्रथम वाचले तेव्हा मी ते दोनदा वाचले, आणि निऑनच्या अवस्थांची समीकरणे स्वतः मांडून संगणकावर सोडवल्याशिवाय मला ते खरे वाटले नाही.

एवढ्या अल्प वेळात काय घडले हे पाहणार कोण, हा प्रश्न योग्यच आहे, कारण घडताना कुणीच पाहत नाही. मागे उरलेली आयने विद्युतक्षेत्राने खेचून एका नळीतून शोधकाकडे पाठवली जातात. ज्याचा प्रभार अधिक ते जोराने खेचले जाऊन आधी पोचते. पोचण्याच्या वेळेवरून किती इलेक्ट्रॉन गेले ते कळते. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून ते कोणत्या कवचातून, किती पोकळ्या असताना निघाले, तेही कळते. पोकळ अणूची सही तेथे वेगळी उमटते. मधला क्रम मात्र गणितानेच लावावा लागतो. या पहिल्या प्रयोगांत गणित आणि मोजमाप ताडून पाहताना आणखी एक गोष्ट हाती लागली: क्ष-किरणांचा स्पंद, त्याला जन्म देणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या पुंजक्यावरून मानला होता त्याहून आखूड असावा, असे निऑनच्या वागण्यावरून दिसले. घड्याळ नव्हते तेथे अणूच घड्याळ झाला.

गणिताचा विषय निघाला आहे तर माझी फजितीही सांगते. झेनॉनच्या अणूत ५४ इलेक्ट्रॉन असतात. दीड हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनांनी त्यातले जास्तीत जास्त किती निघतील, हे काढायला मी सरळ रीत वापरली: ज्या टप्प्यावर पुढचा इलेक्ट्रॉन काढायला एका फोटॉनची ऊर्जा पुरत नाही, तेथे थांबायचे. उत्तर २६ आले, आणि मी ते वर्गात ठामपणे फळ्यावर लिहिले. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा वृत्तांत वाचला, तर त्यात ३६ इलेक्ट्रॉन गमावलेला झेनॉन होता. त्याहून नवल म्हणजे फोटॉनची ऊर्जा वाढवून दोन हजार केली, तर आकडा ३२ वर उतरला होता. ऊर्जा जास्त आणि परिणाम कमी, हे कुठल्याही सरळ रीतीत बसत नाही.

माझी चूक अशी की इलेक्ट्रॉन एकतर आत असतो नाहीतर बाहेर जातो, असे मी धरून चालले होते. भरपूर प्रभार झालेल्या झेनॉनच्या आयनात बाहेरच्या बाजूला रिकाम्या ऊर्जापातळ्यांची दाट गर्दी असते. आतल्या इलेक्ट्रॉनाला आयनाबाहेर पडण्याइतकी ऊर्जा मिळाली नाही, तरी नेमकी जुळणारी ऊर्जा मिळाली तर तो वरच्या एखाद्या पातळीवर जाऊन बसतो. असे दोन-तीन इलेक्ट्रॉन वर जाऊन बसले की ते आपसांत ऊर्जेची देवघेव करतात, एक खाली येतो आणि दुसरा बाहेर पडतो. घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, चढायला एकाच उडीची ताकद नसली तरी मधल्या माळ्यावर थांबून दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेता येतो. दीड हजारांच्या फोटॉनाची ऊर्जा या पातळ्यांशी जुळत होती, दोन हजारांची तितकी जुळत नव्हती. पुढच्या वर्षी मी त्याच वर्गात तोच प्रश्न पुन्हा घेतला आणि आधी माझे चुकलेले उत्तर सांगितले. मुलांना ते व्याख्यान अधिक आवडल्याचे जाणवले, आणि त्याचे कारण शोधण्याच्या भानगडीत मी पडले नाही.

अणू एकटा नसून रेणूत गुंतलेला असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते. आयोडोमिथेनच्या रेणूत आयोडिनचा एक जड अणू आणि त्याला जोडलेले कार्बन-हायड्रोजनचे हलके बिऱ्हाड असते. एकूण इलेक्ट्रॉन ६२. या रेणूवर ८,३०० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या क्ष-किरणांचा स्पंद सोडलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. क्ष-किरण जवळजवळ सगळे आयोडिनच शोषतो. आपले इलेक्ट्रॉन गमावून कंगाल झाला की तो शेजाऱ्यांचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो, आणि तेही पुढच्या फोटॉनांत गमावतो. तीस फेम्टोसेकंदांच्या आत ६२ पैकी ५४ इलेक्ट्रॉन गेले होते. त्यानंतर उरलेले धनप्रभारित तुकडे एकमेकांना ढकलून वेगाने दूर जातात. 'फुटणे' हा मामांचा शब्द कुठे शोभत असेल तर येथे. पण तोही रेणूला, अणूला नव्हे.

रेणूच्या या शेवटातूनच या सगळ्या खटाटोपाचा एक मोठा उपयोग निघाला. प्रथिनासारख्या मोठ्या रेणूची रचना क्ष-किरणांनी पाहायची तर किरण जेवढे तीव्र तेवढे चित्र स्पष्ट, पण तेवढाच रेणूचा नाशही. २००० मध्ये रिचर्ड नॉइट्झ, यानोश हायडू आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले की स्पंद पुरेसा आखूड असेल तर अणू जागचे हलण्यापूर्वीच चित्र हाती येते. इलेक्ट्रॉन चटकन जातात, पण जड केंद्रांना हलायला वेळ लागतो, हीच त्यातली फट. २०११ मध्ये प्रकाशसंश्लेषणातील 'फोटोसिस्टिम १' या प्रथिनसंकुलाच्या अतिसूक्ष्म स्फटिकांवर ही कल्पना प्रत्यक्षात उतरली. हे संकुल आमच्याकडच्या केळीच्या पानातही असते, हे मी मामांना सांगितले तेव्हा त्यांना अणूपेक्षा त्याचेच अप्रूप वाटले.

या प्रश्नाच्या मागोमाग दवाखान्यातील एक्स-रेबद्दल भीती व्यक्त होते, तिचे थोडक्यात निराकरण करते. तेथेही एखाद्या अणूच्या आतला इलेक्ट्रॉन निघू शकतो आणि बाहेरचा एक फेकला जाऊ शकतो, घटना तीच. परंतु तेथे त्याच अणूला, तो सावरण्याच्या आत, दुसरा फोटॉन लागण्याची शक्यता नसल्यात जमा असते. आपल्या सर्वांत जवळचे मोठे क्ष-किरणयंत्र म्हणजे बिजासन घाट ओलांडून गेले की लागणाऱ्या इंदूर शहरातील राजा रामण्णा केंद्राचे 'इंडस-२'. मी तेथे विद्यार्थ्यांना घेऊन गेले आहे. त्याचे किरण अतिशय उपयुक्त आहेत, पण तेही अणूला एका वेळी एकच फोटॉन देतात. पोकळ अणूंची रेलचेल तेथे होत नाही.

राहता राहिला मामांचा उपप्रश्न, जो त्यांनी पुढे एकदा घड मोजता मोजता विचारला होता: दहाही इलेक्ट्रॉन गेलेल्या त्या निऑनचे पुढे काय होते? निर्वात पात्रात तो भरधाव निघतो आणि शोधकावर किंवा पात्राच्या भिंतीवर आदळतो. धातूजवळ पोचताच तो त्यातले इलेक्ट्रॉन ओढू लागतो, आणि ते प्रथम त्याच्या बाहेरच्या, दूरच्या कवचांत येऊन बसतात; आत काही नाही आणि बाहेर गर्दी, असा तो क्षणभर पुन्हा पोकळ अणू होतो. मग एकेक इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि दहा जागा भरतात. त्यानंतर तो इतर निऑनसारखाच निऑन असतो, आणि निर्वात पंप त्याला ओढून बाहेरच्या हवेत सोडतो.